शेठ, आज नाइट आहे का?

जुन्या मुंबई-पुणे हायवेवरची परमिट रूम, दोन फूट उंचीचं स्टेज, पाच कलाकार आणि आईची लाल चोपडी. माणसं सांभाळायचे धडे मी एमबीएच्या वर्गात नाही, खोपोलीत गिरवले. त्यातला एक धडा अजून जड जातो.

"वडील काय करतात?"

शाळेचा फॉर्म, कॉलेजचा इंटरव्ह्यू, पहिली नोकरी आणि कांदेपोह्यांचा प्रत्येक कार्यक्रम. हा प्रश्न मला सगळीकडे विचारला गेलाय. माझं उत्तर ठरलेलं असायचं. "हॉटेल आहे." समोरच्याच्या डोळ्यांपुढे इडली-वडा-सांबार यायचं आणि मी ते येऊ द्यायचे.

खरं उत्तर असं होतं : खोपोलीत, बोरघाट चढायच्या जरा अलीकडे, बाबांची परमिट रूम होती. बुधवार ते रविवार, रात्री साडेआठ ते साडेअकरा लाइव्ह ऑर्केस्ट्रा. आजच्या भाषेत नाइटक्लबच म्हणा ना! फक्त डीजेच्या जागी ड्रमर, कव्हर चार्जच्या जागी मसाला पापड आणि डान्स फ्लोअरच्या जागी 'फॅमिली सेक्शन'चा मरून पडदा.

घाट जाम, आम्ही हाऊसफुल

खोपोली बहुतेकांनी गाडीच्या काचेतूनच पाहिलेली असते. पावसाळ्यात झेनिथचा धबधबा, घाटात शिंग्रोबाचं देऊळ, त्याच्यापुढे नाणं टाकून जाणारे ड्रायव्हर. हायवेवरचं एक थांबायचं ठिकाण, एवढीच गावाची ओळख. पण थांबणं हाच आमचा धंदा होता. घाटात एखादा ट्रक आडवा झाला की मुंबईकर, पुणेकर, साहेब, कंत्राटदार सगळे खाली अडकायचे. मग काय, बाबा वेटरला सांगायचे, "खुर्च्या काढ, घाट लागलाय!" एरवी गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या कारखान्यांतले ऑफिसर आणि पावसाळ्यात लोणावळ्याला निघालेले ग्रुप.

'परमिट रूम' हा शब्दच आपल्या राज्याची एक गंमत आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही पुस्तकात आहे. म्हणजे कायद्यानं दारू बंद आणि परवाना असेल तर चालू! पिणाऱ्याला परवाना लागतो, पाजणाऱ्याला लागतो आणि पिणाऱ्यासमोर कुणी गाणार असेल तर पोलिसांचा आणखी एक लागतो. काउंटरमागच्या भिंतीवर गणपती, साईबाबा आणि आजोबांचा फोटो एका ओळीत होते. खालच्या दोन ओळी लायसन्सच्या फ्रेमच्या. बाबा म्हणायचे, "आपल्याकडे देवांपेक्षा सरकार जास्त टांगलंय."

आजोबांचं तिथे साधं राइस प्लेटचं हॉटेल होतं. बाबांनी त्याची परमिट रूम केली. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांबरोबर देशात रंगीत टीव्ही आला. हायवेवरच्या एकेका हॉटेलवाल्यानं तो आणून गल्ल्याच्या वर ठेवला. बाबांनी त्याच पैशांत सुताराकडून स्टेज बांधून घेतलं. त्यांना स्वतःला गाता येत नव्हतं, अजूनही येत नाही. पण गाणाऱ्याचा सूर कुठे घसरला ते काउंटरवर नोटा मोजता मोजता कळायचं. मान वर व्हायची, बोटं थांबायची नाहीत.

आम्हा मुलांना हॉलमध्ये यायला सक्त मनाई. आम्ही किचनमध्ये, ताटं बाहेर द्यायच्या खिडकीपाशी. तिथून स्टेज तिरकं दिसायचं. ड्रमचा डावा भाग, गाणाऱ्या ताईंचा पदर आणि सॅक्सोफोनचं चकाकतं तोंड. माझं बालपण त्या दीड फूट खिडकीएवढं आहे.

पाच माणसं, पाच तऱ्हा

त्यांची खरी नावं इथे नकोत. आमच्यासाठी ती वाद्यांवरूनच पडली होती.

ड्रम अंकल गिरणीतले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतले हे एक. गिरणगावात गणपतीत हौसेनं वाजवायचे. संप लांबत गेला तशी हौस पोटाला आली. परळची खोली सुटली, बदलापूरला बिऱ्हाड गेलं आणि संध्याकाळी खोपोली लोकल पकडून ते आमच्याकडे यायला लागले. कर्जतच्या पुढे पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी ही स्टेशनं ते ठेक्यात म्हणायचे. ती मला आजही त्याच लयीत पाठ आहेत.

सॅक्सो अंकल गोव्याचे, राहायला धोबी तलावच्या 'कूड'मध्ये. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावानं आपल्या माणसांसाठी मुंबईत चालवलेलं वसतिगृह. तरुणपणी त्यांनी चर्चगेटचे दिवस पाहिले होते. गेलॉर्ड, अॅस्टोरिया हॉटेलातलं व्हेनिस, जिथे ख्रिस पेरीचा बँड आणि लॉर्नाचा आवाज ऐकायला लोक यायचे. मग फिल्मी गाण्यांची रेकॉर्डिंग. पन्नास-साठ वादक एका हॉलमध्ये बसून एकदम वाजवताहेत, एक चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सिंथेसायझर आला, एकेक ट्रॅक वेगळा रेकॉर्ड व्हायला लागला आणि त्या हॉलमधल्या खुर्च्या कमी होत गेल्या. एक खुर्ची आमच्याकडे आली.

एकदा मी 'अमर अकबर अँथनी'तलं अँथनी गोन्साल्विसचं गाणं गुणगुणत होते. त्यांनी मला थांबवलं. "बाय, हा माणूस खरा आहे." मला वाटलं, थाप! पण खरंच होतं ते. अँथनी गोन्साल्विस हे गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक, प्यारेलालजींचे गुरू. शिष्यानं १९७७ च्या त्या सिनेमात गुरूचं नाव हीरोच्या तोंडी घातलं. अख्खा देश त्या नावावर नाचला आणि फार थोड्यांना माहीत होतं की ते नाव कुणाचं आहे. मला माहीत होतं! चौथीत असताना मी वर्गात त्यावर काय भाव खाल्लाय.

तिसरे कॉर्ड अंकल. आधी अॅकॉर्डियन, मग कीबोर्ड. सरकारी नोकरी, पान नाही, सुपारी नाही, बारमध्ये वीस वर्षं बसून लिंबू सरबत प्यायलेला माणूस. चौथे मुकेशकाका. पेपर मिलमध्ये शिफ्टला होते आणि मूडप्रमाणे मुकेश किंवा किशोर व्हायचे. नाइट शिफ्ट लागली की आमच्याकडे मुकेशही नाही आणि किशोरही नाही.

आणि पाचव्या ताई. डोंबिवलीच्या. कॉटनची साडी, खुर्चीवर बसून गाणं, समोर गाण्यांची वही, पानापानावर पेन्सिलीनं पट्टी लिहिलेली. काळी एक, पांढरी पाच. दोन गाण्यांच्या मध्ये विणकाम. बाराच्या सुमारास बाबा स्वतः त्यांना वरच्या खोलीपर्यंत सोडायचे, तिथे आई सोबतीला झोपायची. पहाटेच्या लोकलनं त्या घरी, कारण सातला मुलाचा डबा.

लाल चोपडी

कलाकार सांभाळणं म्हणजे ग्लॅमर, असं ज्यांना वाटतं त्यांनी आईची चोपडी पाहायला हवी होती. लाल कापडी बांधणीची. प्रत्येकाला एक पान. डावीकडे 'ना.' म्हणजे नाइट, उजवीकडे 'उ.' म्हणजे उचल. आमच्या धंद्यात 'नाइट' हे मोजायचं माप आहे. किती नाइट झाल्या, नाइट किती देता, आज नाइट आहे का. दुपारी चारला फोन वाजायचा आणि पलीकडून पहिलंच वाक्य, "शेठ, आज नाइट आहे का?" ड्राय डेला, अतिवृष्टीला, गावात कुणी मोठं माणूस गेलं तर बाबांना "नाही" म्हणावं लागायचं. त्या "नाही"नंतर समोरून क्षणभर काही ऐकू यायचं नाही. मग "बरं शेठ, उद्या बघू."

उचलीची कारणंही चोपडीत असायची. 'मुलीची फी.' 'सॅक्सची पॅडं बदलली.' 'गावी घराची कौलं.' एका ओळीत फक्त 'गणपती'. आईनं ते कधी कुणाला वाचून दाखवलं नाही. पण एखाद्याची उचल फार चढली की बाबा लग्नसराईत त्याला बाहेरची कामं मिळवून द्यायचे, म्हणजे पैसे फिटतील आणि मानही राहील.

फर्माईश चिठ्ठीवर यायची. चिठ्ठी वेटर आणणार, नोटही वेटरच आणणार. गिऱ्हाइकानं थेट स्टेजवर पैसे द्यायचे नाहीत, हा नियम. एका बड्या कंत्राटदारानं एकदा ताईंच्या समोर जाऊन नोट धरली. बाबा काउंटर सोडून गेले, नोट हसत घेतली, टिपच्या डब्यात टाकली आणि त्याला त्याच्या टेबलापर्यंत पोचवून आले. तो पुन्हा आला नाही. महिन्याला त्याचं बिल किती व्हायचं ते मला पुढे चोपडीतून कळलं. बरंच व्हायचं.

नव्वदच्या दशकात पनवेलच्या बाजूला डान्स बारचं पीक आलं. बाबांना सल्ले मिळायला लागले. "शेठ, गाण्यात काय ठेवलंय? चार पोरी उभ्या करा, घाट जाम व्हायची वाट बघायला नको." बाबा अजिबात विचलित झाले नाहीत, असं मी लिहिणार नाही. एक आठवडा ते जेवताना गप्प असायचे. मग एका रात्री आई ताट वाढता वाढता म्हणाली, "तुम्ही करा काय ते. पण चोपडी मी लिहिणार नाही." विषय संपला.

माझा पहिला 'कॉस्ट कटिंग'

मग एक्स्प्रेस वे आला. टप्प्याटप्प्यानं सुरू होत २००२ मध्ये तो पूर्ण झाला. साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, सहा पदरी, देशभर कौतुक. मीही खूश होते, कारण पुण्यातलं कॉलेज एकदम जवळ आलं होतं. पण आमच्या दारावरून जाणारे दिवे कमी झाले. लोक आता टोल भरून, फूड मॉलला थांबून, खोपोली न पाहताच पुढे जायला लागले. बुधवारी सहा टेबलं, गुरुवारी चार.

मी तेव्हा अठरा वर्षांची, कॉमर्सला आणि नुकतंच एक्सेल शिकलेली. एक्सेल शिकलेल्या अठरा वर्षांच्या मुलीइतकं धोकादायक जगात काही नसतं. दिवाळीच्या सुट्टीत मी चोपडी संगणकावर चढवली आणि बाबांना प्रिंटआउट दिला. ड्रमर : ड्राय डे वजा जाता वर्षाच्या साधारण २५० नाइट, २०० रुपयांप्रमाणे ५० हजार. तयार ठेके असलेला नवा कीबोर्ड : ४० हजार. दहा महिन्यांत पैसे वसूल, पुढे सगळा फायदा. खाली मी ठळक अक्षरांत निष्कर्षसुद्धा लिहिला होता.

बाबांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "हिशोब बरोबर आहे." मला वाटलं, जिंकले. मग म्हणाले, "शनिवारी त्यांना सांगू. तू बसशील."

"मी कशाला?"

"हिशोब तू केलास ना? मग सांगताना पण तूच बस."

शनिवारी दुपारी, हॉल रिकामा असताना, आम्ही तिघं कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो. बाबांनी सुरुवात केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी आकडे वाचले. आवाज पहिल्या ओळीनंतरच बारीक झाला होता. ड्रम अंकल मान हलवत ऐकत होते, एखाद्या नव्या गाण्याचा ठेका समजून घ्यावा तसे. माझं संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"बेबी, ह्याच्यात माझं जेवण धरलंस का?"

मी नव्हतं धरलं.

"मग धर. मी जरा जास्तच जेवतो. अजून वाचतील."

त्यांना टोमणा मारायचा नव्हता, तेवढं मला तेव्हाही कळलं. शेठच्या मुलीचा हिशोब चुकू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

बाबांनी त्यांना तीन महिन्यांच्या नाइट दिल्या, चोपडीतली चार हजारांची उचल आडवी रेघ मारून संपवली आणि ड्रमसेट परतीच्या रिकाम्या टेम्पोत चढवून बदलापूरला पोचवला. लग्नाच्या बँडवाल्याकडे शब्द टाकला. हे सगळं माझ्या एक्सेलमध्ये नव्हतं. पहिल्या वर्षीचा फायदा त्यातच गेला.

पाच मिनिटांची शांतता

माझा हिशोब आणखी एका ठिकाणी चुकला होता. खोपोलीत १९१५ पासून टाटांचं जलविद्युत केंद्र आहे. मुंबईला वीज आमच्या गावातून गेली आणि भारनियमन मात्र आमच्या गावात आलं! २००५ च्या सुमारास तर कहर होता. लाइट गेली की मागचा जनरेटर सुरू व्हायला पाच मिनिटं लागायची. पूर्वी त्या पाच मिनिटांत कधी काही बिघडलं नव्हतं. ड्रमला वीज लागत नाही, सॅक्सलाही नाही. अंधारात ठेका चालू राहायचा, लोक टेबलावर बोटं वाजवायचे, कुणीतरी शिट्टी मारायचं. उलट तीच पाच मिनिटं रंगायची.

आता लाइट गेली की कीबोर्ड बंद, ठेका बंद, माइक बंद. एकदम शांतता. आणि शांततेत गिऱ्हाईक काय करतं? घड्याळ बघतं आणि बिल मागतं. मी सुट्टीत आले होते तेव्हा एका रात्रीत तीन टेबलं अशी उठताना पाहिली. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

त्याआधीच सॅक्सो अंकल गोव्याला परतले होते. "दम पुरत नाही, शेठ," एवढंच म्हणाले. २०११ मध्ये त्यांच्या गावाहून ते गेल्याचा फोन आला. तेव्हा बाबांनी बुधवार असूनही ऑर्केस्ट्रा ठेवला नाही.

मग १५ ऑगस्ट २००५ पासून राज्यात डान्स बारबंदी लागू झाली. परमिट रूम, बीअर बार, खानावळी यांत नाच बंद आणि तारांकित हॉटेलांना मात्र सूट. आमच्याकडे नाच कधी नव्हताच. पण गावाला आणि पेपरातल्या मथळ्यांना तेवढा बारकावा कुठे परवडतो? 'बारमध्ये गाणारी बाई' एवढंच उरलं. आमच्याकडे तपासणीला माणसं आली, त्यांनी फ्रेम पाहिल्या, चहा घेतला, गेली. पण ताईंच्या सोसायटीत कुणीतरी त्यांच्या मुलाला विचारलं, "तुझी आई बारमध्ये असते ना रे?" पुढच्या आठवड्यात त्या वही घेऊन आल्या आणि ती आईकडे ठेवून गेल्या. "घरी नको," म्हणाल्या.

पुढची लढाई कोर्टातली. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. सरकारनं पुन्हा कायदे केले, २०१९ मध्ये त्यातल्या जाचक अटी सैल झाल्या. ऑर्केस्ट्रा बारसाठी तर एक भन्नाट नियम होता. स्टेजवर आठच कलाकार, त्यात चारच बायका आणि चारच पुरुष. बायका-पुरुषांची ही वाटणी सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केली. ती बातमी मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये वाचली आणि ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरं झालं गं. पण आता माझी पट्टी खाली गेली."

बाबांचं एचआर मॅन्युअल

* कलाकार आधी जेवणार, गिऱ्हाईक नंतर. उपाशी माणूस बेसूर गातो.
* स्टेजवरून उतरेपर्यंत ग्लासात फक्त सोडा किंवा सरबत.
* टिपचा डबा रात्री सगळ्यांसमोर उघडायचा. साउंडवाल्याचा वाटा गाणाऱ्याएवढाच.
* पैसे त्याच रात्री द्यायचे. 'उद्या घे' म्हणायचं नाही.
* चूक झाली तर किचनमध्ये बोलवून सांगायचं, माइकसमोर नाही.
* कुणाला कमी करायचं असेल तर समोर बसून सांगायचं. चिठ्ठी पाठवायची नाही.

शेवटची नाइट

२००९ साली, मंदीच्या लाटेत, पुण्यातल्या माझ्या कंपनीनं माणसं कमी करायची ठरवली. मी एचआरमध्ये सगळ्यांत ज्युनियर. यादी बनवायचं काम माझं, सांगायचं काम वरिष्ठांचं. त्यांच्याबरोबर मी बसायची पद्धत नव्हती. मी विचारून बसले. दिवसभरात अकरा जण. त्यातल्या एकानंही माझा हिशोब दुरुस्त करून दिला नाही, पण मी मात्र प्रत्येकाच्या वेळी मनात तोच प्रश्न ऐकत होते. संध्याकाळी मी वरिष्ठांकडे एकच गोष्ट मागितली. त्यांचा मेडिक्लेम लगेच बंद करू नका, निदान महिनाअखेरपर्यंत चालू ठेवा. ते मिळालं. फार मोठं काही केलं, असा दावा नाही.

माझ्या लग्नाच्या बोलण्यांत मी पुन्हा "हॉटेल आहे" म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा बाबांनीच मला थांबवलं. "परमिट रूम आहे. वर ऑर्केस्ट्रा. बार म्हणा हवं तर." ते स्थळ गेलं. पुढच्या स्थळाच्या वडिलांनी विचारलं, "म्हणजे खोपोलीला, उजव्या हाताला? अहो, एकोणनव्वद साली घाटात अडकलो होतो, तिथेच जेवलो असणार मी!" तेच माझे सासरे.

आणि मग सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल. १५ डिसेंबर २०१६ : राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नाही, १ एप्रिल २०१७ पासून. छोट्या वस्तीच्या गावांना पुढे २२० मीटरची सवलत मिळाली, खोपोली त्यात बसत नव्हती. आमचं दार हायवेपासून तीस पावलांवर. ती पस्तीस वर्षं आमची कमाई होती, तीच आता अडचण ठरली. रस्त्यावरचे अपघात कमी व्हावेत, हा निकालामागचा हेतू. त्यावर घाटाच्या पायथ्याशी राहिलेलं आमच्यासारखं कुटुंब वाद घालू शकत नाही. किती रात्री आम्ही रुग्णवाहिकेचा आवाज ऐकलाय, ते आम्हालाच माहीत.

३१ मार्च, शुक्रवार. बाबांनी सगळ्यांना बोलावलं. मुकेशकाका आले, दात नव्हते, पण मुकेश होता. कॉर्ड अंकल लिंबू सरबत घेऊन बसले. ताई आल्या, सोबत इंजिनिअर मुलगा. आईनं बारा वर्षं कपाटात जपलेली वही त्यांच्या हातात दिली. त्या मुलानं आपल्या आईला स्टेजवर पहिल्यांदाच ऐकलं. तिसऱ्या गाण्याला तो बाहेर जाऊन उभा राहिला. बराच वेळ आत आला नाही.

ड्रम अंकल लोकलनं आले. केस पांढरे, काखेत काठ्यांची पिशवी. बदलापूरला मुलांना ड्रम शिकवतात, त्याच सेटवर. मी वाकून नमस्कार केला. काय बोलायचं ते पंधरा वर्षं ठरवत होते आणि ऐन वेळी एकही शब्द आला नाही. त्यांनीच विचारलं, "बेबी, आता कुठे असतेस?" मी सांगितलं, एचआरमध्ये. "म्हणजे काय करतेस?" मी म्हटलं, "माणसांची चोपडी लिहिते." ते हसले आणि जेवायला बसले.

२०१७ च्या जुलैत कोर्टानं स्पष्ट केलं की शहरी हद्दीतल्या दुकानांना तो आदेश लागू नाही. हायवेवरचे बरेच बार पुन्हा उघडले. बाबांनी उघडला नाही. "दारू परत आणता येईल गं," म्हणाले, "पण चारला फोन कोण करणार?" आज त्या जागेत मोबाइलचं दुकान आहे. स्टेजच्या फळ्यांचं आईनं माळ्यावर कपाट करून घेतलंय आणि लाल चोपड्या त्यातच आहेत.

परवा मी शेवटची चोपडी काढून शेवटचं पान पाहिलं. आईचं अक्षर, नेहमीसारखं तिरकं.

'३१ मार्च २०१७. कलाकार चार. नाइट दिल्या. थाळ्या पाच.'